लाल ठिपक्याचा मास्तर

प्रश्न : ताई, माझा मुलगा नववीत आहे. आठवड्यातून तीन दिवस क्लाइंबिंगच्या भिंतीवर जातो. परवा तो पार वरपर्यंत पोचला. मी खालून टाळ्या वाजवल्या, तर हा उतरला तो रडवेला. म्हणे, ‘‘आई, मी मध्ये लटकलो होतो. हा रेडपॉइंट नाही झाला.’’ मला तर भिंतीवर कुठे लाल ठिपका दिसला नाही. हे खूळ आहे तरी काय?
— एक आई, कोथरूड

उत्तर : खूळ खरंच आहे. ते पन्नास वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका तरुणाच्या डोक्यात आलं. पुढे हा तरुण गणित आणि भौतिकशास्त्राचा शिक्षक झाला. मी स्वतः एकतीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून मला त्याच्याविषयी जरा जास्त जिव्हाळा आहे, हे आधीच सांगून टाकते.

तुमच्या मुलाचं म्हणणं आधी समजून घ्या. चढताना त्याच्या कमरेला दोर असतो. भिंतीवर थोड्या थोड्या अंतरावर बोल्ट असतात. प्रत्येक बोल्टपाशी पोचलं की तो दोर क्विकड्रॉत, म्हणजे बोल्टला लटकवलेल्या कडीच्या पट्ट्यात, अडकवतो आणि पुढे जातो. हा दोर फक्त पडलं तर झेलण्यासाठी. त्याच्यावर वजन टाकलं, क्विकड्रॉ धरून स्वतःला वर ओढलं, हात भरून आले म्हणून दोन मिनिटं लोंबकळत विश्रांती घेतली, की तो प्रयत्न बाद. खाली यायचं, दोर ओढून घ्यायचा आणि पहिल्या पकडीपासून पुन्हा सुरुवात. किती वेळा प्रयत्न केला याला महत्त्व नाही. तेविसाव्या वेळी जमलं तरी चालतं. पण ती तेविसावी चढाई जमिनीपासून टोकापर्यंत सलग आणि स्वतःच्या हातापायांवर हवी. ती रेडपॉइंट. पेपर तपासताना आम्ही म्हणायचो ना, उत्तर बरोबर आहे पण पायऱ्या कुठायत? तसंच हे.

आता तो ठिपका. कुर्ट आल्बेर्टचा जन्म २८ जानेवारी १९५४ चा, न्युर्नबर्गचा. चौदाव्या वर्षी चढाईला लागला. सतराव्या वर्षी आल्प्समधली ग्रांद जोरासची वॉकर धार आणि अठराव्या वर्षी आयगरची उत्तर भिंत. ही दोन नावं ऐकली तरी त्या काळी भल्याभल्यांच्या पोटात गोळा यायचा. म्हणजे पोरगा तयारीचा होता. पण मी त्याची आठवण काढते ती या मोठ्या भिंतींसाठी नाही. त्याच्या घरामागच्या लहान कड्यांसाठी काढते.

न्युर्नबर्ग, बांबेर्ग आणि बायरॉइट या तीन शहरांच्या मधल्या टापूला फ्रांकेनयुरा म्हणतात. बीच वृक्षांचं जंगल, लहान लहान गावं, गावागणिक बिअरची भट्टी आणि झाडांतून अचानक वर आलेले चुनखडीचे राखाडी कडे. उंची फार नाही, आपल्याकडच्या चार-पाच मजली इमारतीएवढी. आपल्या बेसॉल्टला जशा कपच्या आणि आडव्या पायऱ्या, तशी तिथल्या दगडाला भोकं. कुठे तीन बोटं जातील एवढं, कुठे दोन, कुठे एकच. एका बोटाच्या पहिल्या पेरावर अख्खं शरीर तोलायचं, हा तिथला रोजचा धडा.

साठ-सत्तरच्या दशकात हे कडे म्हणजे आल्प्सला जाण्याआधीची तालीम, एवढाच त्यांचा मान. कड्यात लोखंडी मेखा ठोकलेल्या असत. मेख धरायची, तिला दोरीची छोटी शिडी अडकवायची, शिडीवर उभं राहायचं, पुढची मेख धरायची. आमच्या पिढीने सह्याद्रीतले बरेच सुळके याच पद्धतीने चढले आहेत, त्यामुळे मी नाक मुरडणार नाही. पण यात दगड कुठे आहे? माणूस लोखंडावरून लोखंडावर जातो.

१९७३ मध्ये आल्बेर्ट एल्बसांडश्टाइनला गेला. ड्रेस्डेनजवळ, एल्बे नदीच्या काठचा वालुकाश्माच्या सुळक्यांचा हा प्रदेश तेव्हा पूर्व जर्मनीत होता. तिथली चढाईची रीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची आणि कडक. वर जाण्यासाठी लोखंडाचा आधार घ्यायचा नाही. सुरक्षेसाठी दगडात लांब लांब अंतरावर मोजक्या कड्या. बाकी भेगेत दोरीच्या गाठी घट्ट बसवायच्या आणि त्यांच्यावर भरवसा ठेवायचा. वालुकाश्म मऊ, त्यात धातू कोंबला तर तो कोरला जातो, हे त्यामागचं साधं कारण. हाताला खडूची पूडही लावायची नाही. होन्श्टाइन गावचा बेर्न्ड आर्नोल्ड तर तिथे अनवाणी चढायचा आणि भलत्याच अवघड वाटा काढायचा.

हे पाहून आल्बेर्ट घरी आला आणि त्याने लाल रंगाचा डबा घेतला.

इथे जरा थांबते, कारण मला हे दृश्य फार आवडतं. विशीतला पोरगा, एका हातात ब्रश, आणि समोर वर्षानुवर्षं सगळे चढत आलेला ओळखीचा कडा. ज्या मेखेला हात किंवा पाय न लावता पुढे जाता येईल असं त्याला वाटे, तिच्यावर तो लाल फुली मारी. ही माझ्यासाठी पकड नाही, फक्त दोरासाठी. मग दुसरी मेख, तिसरी. एके दिवशी सगळ्या मेखा फुलीच्या झाल्या, म्हणजे अख्खा मार्ग हातापायांनी सलग जमला, की कड्याच्या पायथ्याशी एक भरीव लाल ठिपका. जर्मनमध्ये रोटपुंक्ट. इंग्रजीतून फिरत तो तुमच्या कोथरूडपर्यंत रेडपॉइंट होऊन आला. असा पहिला ठिपका त्याने १९७५ मध्ये ष्ट्राइटबर्ग गावच्या कड्यावर, आडोल्फ रॉटच्या स्मरणार्थ नाव दिलेल्या मार्गाखाली काढला.

गंमत बघा. त्याने नवं शिखर जिंकलं नाही की नवा मार्ग शोधला नाही. लोक आधीच चढून गेलेले मार्गच त्याने पुन्हा सोडवले, पायऱ्यांसकट. त्याआधी कुठपर्यंत पोचलात एवढंच विचारलं जायचं. त्याने कसे पोचलात हे विचारलं, आणि आधी स्वतःलाच विचारलं. दुसऱ्या कुणाच्या मेखा त्याने उपटून फेकल्या नाहीत. ज्याला शिडी लावून जायचं त्याने खुशाल जावं.

याचा परिणाम किती झाला ते सांगते. तेव्हा कठीणपणाची अधिकृत मोजपट्टी सहाव्या श्रेणीला संपत असे. त्यापुढे माणसाची मजल नाही, असं कागदावर ठरलेलं. १९७७ मध्ये राइनहार्ड कार्ल आणि हेल्मुट कीने यांनी ऑस्ट्रियातल्या वाइल्डर कायझरमध्ये ‘पुम्परिसे’ हा मार्ग चढून सातवी श्रेणी जाहीरच केली आणि पुढच्या वर्षी पट्टी वरून उघडली गेली. त्यानंतर चौदा वर्षांच्या आत फ्रांकेनयुरात अकरावी श्रेणी चढली गेली. सहाव्यावर छप्पर होतं ते दगडाचं नव्हतंच.

आता एक कबुली. १९८४ साली तैलबैल्याच्या भिंतीवर मी एका बोल्टवर चांगली पाच मिनिटं लटकून दम खाल्ला होता. खाली येऊन मात्र ‘एका दमात गेले’ असं सांगितलं. खालून माझा दोर सांभाळणारी मैत्रीण काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा आम्हाला आल्बेर्टही ठाऊक नव्हता आणि रेडपॉइंटही. पण ते बघणं मला अजून आठवतं. तुमचा मुलगा तुमच्या टाळ्या चालू असताना स्वतःहून ‘नाही झाला’ म्हणाला. मला ते चाळिशी उलटल्यावर जमलं.

तेव्हा ‘पोचलास ना, मग झालं’ असं त्याला म्हणू नका. कुठल्या पकडीवर सुटला ते विचारा. अर्धा तास बोलेल.

प्रश्न : गेल्या अंकात आपण या आल्बेर्ट महाशयांचा ओझरता उल्लेख केला होता. मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. गणिताचा शिक्षक असा डोंगरात हिंडू लागला तर शाळेचं काय, हा प्रश्न माझ्या मनात आला. त्यांनी नोकरी नीट केली का? पुढे त्यांचं काय झालं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सर, तुमचा प्रश्न वाचून मला आमच्या मुख्याध्यापिकाबाई आठवल्या. माझ्या रजेच्या अर्जावर त्या ‘पुन्हा डोंगर?’ एवढंच लिहायच्या.

आल्बेर्टने काही वर्षं शिकवलं आणि मग नोकरी सोडून पूर्णवेळ गिर्यारोहण पत्करलं. व्याख्यानं, स्लाइड शो, मोहिमा यांवर तो जगला. शाळेचं नुकसान झालं असणार, पण त्याने दोन्ही दगडांवर पाय ठेवून मुलांचं नुकसान केलं नाही, हे तुम्हालाही पटेल.

ऐंशीच्या दशकात न्युर्नबर्गजवळच्या ओबरश्योलेनबाख नावाच्या खेड्यात तो आणि वोल्फगांग ग्युलिश एका घरात राहत. ग्युलिश त्याच्याहून सहा वर्षांनी लहान, १९६० चा, लुडविग्सहाफेनचा. त्या घराला दार असून नसल्यासारखं. देशोदेशीचे क्लाइंबर येत, जमिनीवर झोपत, कॉफी आणि केकचा फडशा पाडत आणि दुपारी कड्यांवर जात. इंग्लंडचा जेरी मॉफटही तिथे राहून गेला. आपल्याकडे एखाद्या मल्लाच्या तालमीत जसं वातावरण असायचं तसं, फक्त खुराकात दुधाबदामाच्या जागी केक.

पुष्कळांच्या मते ग्युलिश अधिक ताकदीचा आणि ते खरंच आहे. १९९१ च्या सप्टेंबरात त्याने फ्रांकेनयुरातल्या वाल्डकॉफ कड्यावर ‘आक्सियों दिरेक्त’ हा मार्ग चढला. पुढे झुकलेली, जेमतेम पंधरा मीटरची भिंत. सुरुवातच उडी मारून दोन बोटांचं भोक पकडण्याने, आणि पुढेही एका-दोन बोटांचीच भोकं. फ्रेंच मोजणीत ‘नऊ ए’ म्हणतात ती श्रेणी जगात प्रथम तिथे चढली गेली, असं मानतात. बोटांत ही ताकद यावी म्हणून त्याने न्युर्नबर्गच्या एका व्यायामशाळेत तिरक्या फळीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या होत्या. पाय हवेत सोडून नुसत्या बोटांनी पट्टी-पट्टी वर जायचं. त्या व्यायामशाळेचं नाव ‘कॅम्पस’, म्हणून ती फळी कॅम्पस बोर्ड. आज पुण्या-मुंबईच्या क्लाइंबिंग जिममध्ये मुलं जिच्यावर लोंबकळतात तीच. पण नवशिक्यांनी आणि वाढत्या वयातल्या मुलांनी तिच्या वाटेला जाऊ नये. बोटांच्या सांध्यांची वाट लागते.

ग्युलिश १९९२ च्या ऑगस्टअखेर, वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेला. कड्यावरून पडून नाही. म्युनिककडून घरी परतताना महामार्गावर मोटारीला अपघात झाला, दोन दिवसांनी दवाखान्यात प्राण गेला.

त्याआधी या दोघांनी मिळून जे केलं ते मला आल्बेर्टच्या ठिपक्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. घरामागच्या कड्यावरचा नियम त्यांनी सहा हजार मीटरच्या वर नेला. काराकोरममध्ये बाल्टोरो हिमनदीच्या बाजूला ट्रांगोचे ग्रॅनाइटचे मनोरे आहेत. त्यातला ‘नेमलेस टॉवर’ सव्वासहा हजार मीटरच्या आसपास. १९८८ मध्ये त्यांनी हार्टमुट म्युन्शेनबाखसह तिथला आधीच्या युगोस्लाव्ह तुकडीचा मार्ग हातापायांनी चढला. पुढच्या वर्षी क्रिस्टोफ श्टीगलर आणि मिलान सिकोरा या साथीदारांसह स्वतःचा नवा मार्ग काढला, ‘इटर्नल फ्लेम’. बोटं गारठलेली, हवा विरळ, दोर बर्फाने ताठ, आणि तरी लोखंडाला धरायचं नाही. काही टप्पे त्यांना तसे जमले नाहीत. ते तसे राहिले हे त्यांनी लपवलं नाही. वीस वर्षांनी, २००९ मध्ये, बव्हेरियाच्या आलेक्झांडर आणि थोमास हुबर या भावांनी तेवढे टप्पेही सोडवून मार्ग पुरा केला. उत्तरपत्रिकेत जागा कोरी सोडली, तर पुढच्याला कुठून सुरू करायचं ते कळतं. चुकीचं उत्तर लिहून ठेवलं तर नाही. सर, हे तुम्हाला मी काय सांगणार?

१९९१ मध्ये चिलीतल्या पाइने टोरेसच्या मधल्या मनोऱ्यावर ते गेले, तेव्हा तुकडीत बेर्न्ड आर्नोल्ड होता. तोच तो अनवाणी चढणारा. बर्लिनची भिंत पडून जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. ज्याच्या भागात जाऊन आल्बेर्ट एकोणिसाव्या वर्षी शिकून आला, त्याच्याबरोबर आता एका दोराला बांधून घेऊन पॅटागोनियाच्या वाऱ्यात तो लटकत होता. १९९५ मध्ये हे दोघे पुन्हा पॅटागोनियातल्याच फिट्झरॉय शिखरावर नवा मार्ग काढायला गेले. पुढे व्हेनेझुएलाच्या टेपुई पठारांपर्यंत आल्बेर्ट फिरत राहिला. शक्य तिथे पायथ्यापर्यंतही स्वतःच्या बळावर जायचं, असा हट्ट वाढत्या वयात त्याने धरला. नावेने, पायी, सामान पाठीवर. ठिपक्याचा नियम त्याने घरापासूनच लावायला घेतला म्हणा ना.

प्रश्न : आम्ही गडावर जायच्या वाटेत चुकू नये म्हणून ऑइलपेंटने बाण काढतो. काही जण आम्हाला नावं ठेवतात. तुमच्या या जर्मन माणसाने तर कड्यालाच रंग लावला! मग आमचं काय चुकलं?
— एक तरुण, जुन्नर

उत्तर : वाटलंच होतं, हा प्रश्न येणार.

त्याचा ठिपका पायथ्याशी, लहानसा, आणि त्यातून वाट दिसत नव्हती. आज नवे ठिपके फारसं कुणी काढत नाही, शब्द उरला, रंगाची गरज संपली. तुमच्या बाणांचं म्हणाल तर घनदाट रानात, पावसाळ्यात, दोन वाटा फुटतात तिथे एखादा बाण जीव वाचवतो, हे मला मान्य आहे. पण मी अलीकडेच एका गडावर गेले होते. नाव लिहीत नाही. सोळा पायऱ्यांच्या कातीव जिन्यावर नऊ बाण होते. जिना वर जातो हे सांगायला नऊ बाण? आणि शेवटच्या बाणाशेजारी गटाचं नाव आणि मोबाइल नंबर. दगड रचून खूण करा, ती पुढच्याला हलवता येते. तटबंदी, टाकं, शिलालेख, कोरीव पायऱ्या यांना ब्रश लावू नका. कायद्यानेही तो गुन्हा आहे.

प्रश्न : एवढं सगळं ‘स्वच्छ’ चढून शेवटी तो माणूस पडूनच मेला ना? तोही म्हणे लोखंडी वाटेवर. मग काय उपयोग झाला?
— एक ज्येष्ठ वाचक, ठाणे

उत्तर : हो, पडूनच. २६ सप्टेंबर २०१० ला, फ्रांकेनयुरातच, हिर्शबाखजवळच्या ह्योहेनग्ल्युकश्टाइग या वाटेवर. कड्याला पोलादी दोर पक्का बांधलेला असतो आणि आपल्या कमरेचे कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणाऱ्या कड्या, त्यात अडकवत पुढे जायचं, अशी ही वाट. तो अठरा मीटर खाली कोसळला. दोन दिवसांनी एर्लांगेनच्या रुग्णालयात गेला. वय छप्पन्न.

ट्रांगो, पाइने, फिट्झरॉयवरून जो धडधाकट परतला तो घराजवळच्या, त्याच्या मानाने सोप्या वाटेवर गेला. माझ्या ओळखीतल्या क्लाइंबिंगच्या अपघातांपैकी अर्ध्याहून जास्त अशाच सोप्या जागी झालेत. उतरताना, आटोपतं घेताना, गप्पा मारताना. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी गाठ दोनदा तपासायला लावते आणि ती वैतागतात. वैतागू देत.

उपयोग काय, हे मात्र तुम्ही मला विचारू नका, काका. मी गणिताची शिक्षिका. ‘याचा पुढे उपयोग काय?’ हा प्रश्न मी एकतीस वर्षं दर जूनमध्ये ऐकला आहे आणि दर जूनमध्ये फळ्याकडे वळून पुढचं उदाहरण लिहिलं आहे. एवढं सांगते की आज फ्रांकेनयुरात दहा हजारांहून जास्त मार्ग आहेत, आणि कोणता कुणी चढला हे विचारलं की जगभर त्याच्याच मापाने उत्तर देतात. काही जुन्या कड्यांच्या पायथ्याशी ते मूळचे ठिपके अजून दिसतात, थोडे फिकटलेले.

प्रश्न : ‘रेडपॉइंट’ला मराठी शब्द आहे का? आमच्या ग्रुपमध्ये यावरून वाद चालू आहे.
— महाविद्यालयीन गट, नाशिक

उत्तर : ‘लाल बिंदू’ भूमितीच्या पुस्तकातला वाटतो. ‘रक्तबिंदू’ कुणीतरी सुचवला होता, तो कृपया नको, आयांना घाम फुटेल. माझ्याकडे येणाऱ्या मुली ‘टिकली लागली’ म्हणतात. ‘काल माझी त्या ओव्हरहँगवर टिकली लागली.’ मला आवडला. मुलगे अजून लाजतात. तुमच्या वादात काय निघतं ते पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत कळवा.